‘अंतरा’च्या आधीची ऐंशी वर्षं

दिवाळी सरली की श्रीगोंद्याच्या शिवारात उसाला कोयता लागतो. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर तालुक्यात ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, आणि हंगाम आला की तोडणीच्या टोळ्या येऊन कारखान्याच्या आसपास कोप्या बांधू लागल्या. नवराबायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावावर असते आणि हिशोब मुकादमाच्या वहीत. त्या जोडीतल्या एखाद्या बाईच्या बोचक्यात, लेकराच्या कपड्यांखाली, आणखी एक कागद जपून ठेवलेला असतो. ते असतं सरकारी दवाखान्याचं कार्ड, आणि त्यावर पुढच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख. दिवाळीत गावी घेतलेलं ‘अंतरा’ तीन महिने पुरतं. म्हणजे पुढची तारीख माघाच्या सुमारास येते, आणि तेव्हा ती बाई फडात मोळ्या बांधत असते.

या तारखेपर्यंत पोहोचायला ऐंशी वर्षं लागली. त्या प्रवासातले दोन मोठे टप्पे ज्या मुलखात घडले, त्याला लोक आजही ‘नगर दक्षिण’ म्हणतात. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर हे त्यातले तालुके.

पहिला टप्पा १० नोव्हेंबर १९३८चा. मुंबई विधानसभेत त्या दिवशी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम उभे राहिले. ते अहमदनगर दक्षिणचे आमदार होते. सरकारने लोकांना संततिनियमनाची माहिती आणि साधनं मिळवून द्यावीत, असा ठराव त्यांनी मांडला. ठरावाच्या बाजूचं भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलं होतं. त्यात गरिबीचा आणि लोकसंख्येचा विचार होता, पण त्याचा कणा होता बाईचं शरीर. लागोपाठच्या बाळंतपणांनी स्त्रिया खंगतात आणि मरतात, मूल कधी हवं हे ठरवण्याची मुभा तिला असली पाहिजे, आणि बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांच्यातला कुणीही एकाहून जास्त मुलाला तयार झाला नसता, अशी ती मांडणी होती. सभागृहाने ठराव फेटाळला. नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून निवडून गेलेल्या आमदाराने सक्तीचा कायदा मागितला नव्हता. त्याने फक्त सोय मागितली होती, आणि तीही मिळाली नाही.

बाबासाहेबांसाठी हा विषय नवा नव्हता. चार वर्षांपूर्वी, १९३४ साली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांचं वकीलपत्र त्यांनीच घेतलं होतं. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पत्नी मालतीबाई बरोबरीने काम करत होत्या. या कामापायी १९२५ साली कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. तोवर त्यांच्या केंद्रात जी साधनं होती ती सगळी बाहेरून वापरायची होती: रबरी टोपी, निरोध, औषधी वड्या. बाईच्या शरीरातल्याच यंत्रणेला थांबवणारं औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं.

पण त्याची कल्पना मात्र कर्व्यांनी केंद्र काढलं त्याच वर्षी कागदावर उतरली होती. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे शास्त्रज्ञ लुडविग हाबरलांट यांनी गाभण सशाचा बीजकोश दुसऱ्या सशिणीच्या शरीरात बसवला, आणि ती सशीण काही काळ गाभण राहीना. गर्भ असताना दुसरा गर्भ राहत नाही, याला कारण बीजकोशातून रक्तात मिसळणारा एखादा पदार्थ असला पाहिजे, असं अनुमान त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलं. तो पदार्थ म्हणजे प्रोजेस्टेरॉन. अडचण होती ती मिळवायची. प्राण्यांच्या अवयवांतून ते चिमूटभरच निघे आणि किंमत सोन्याची पडे. पुढे मेक्सिकोच्या जंगली कंदात त्याचा कच्चा माल सापडला, आणि १९५१ साली तिथल्याच प्रयोगशाळेत कार्ल जेरासी, लुईस मिरामोंतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे घेता येईल असं कृत्रिम प्रोजेस्टेरॉन बनवलं. त्याचं नाव नॉरएथिस्टेरॉन. श्रीगोंद्याच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये नवरात्रात किंवा घरच्या लग्नाआधी बायका ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ मागतात, तेव्हा बहुतेक वेळा पुडीत येते ती हीच. दिवसातून तीनदा घ्यायची ती ५ मिलिग्रॅमची गोळी पाळी लांबवते. गर्भनिरोधक म्हणून मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. रक्ताच्या गुठळीचा त्रास असलेल्या बाईने तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गर्भनिरोधक गोळीमागचा हट्ट मार्गारेट सँगर यांचा. अमेरिकेतल्या या परिचारिकेने डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी या विषयावर वाद घातला होता. गांधीजी संयमाच्या मतावरून हलले नाहीत, सँगर आपल्या मतावरून हलल्या नाहीत. १९५२ साली त्या पुन्हा महाराष्ट्रात आल्या. धन्वंती रामराव आणि आवाबाई वाडिया यांच्या भारतीय कुटुंब नियोजन संघटनेने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती, आणि कुटुंब नियोजनाची जागतिक संघटना त्याच परिषदेत जन्मली. तोवर सँगर यांनी अमेरिकेतल्या ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाला गोळीच्या कामाला लावलं होतं. त्यांची धनवान मैत्रीण कॅथरीन मॅककॉर्मिक हिने खर्च उचलला.

गोळी शरीरात नेमकं करते काय? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दर महिन्याला ती बीजकोशाला दोन हार्मोनच्या हाती निरोप धाडते. एकाने बीज पिकतं, दुसऱ्याची लाट आली की ते सुटतं. दिवस गेले की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन चढं राहतं आणि पीयूषिका निरोप धाडणं थांबवते. गोळीतली कृत्रिम हार्मोन तिची तशीच समजूत करून देतात, म्हणून बीज सुटतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते. गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं. आपल्याकडच्या ‘माला-एन’च्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की हार्मोन उतरतं, ते पातळ अस्तर गळतं आणि पाळी येते.

पण हे हार्मोन फक्त पीयूषिकेकडे जात नाही. रक्तातून ते सगळीकडे फिरतं. म्हणून कुणाला सकाळी मळमळतं, कुणाची छाती दुखते, कुणाचं डोकं धरतं, कुणाला दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसतात. बहुतेकींचा हा त्रास दोनतीन महिन्यांत उतरतो. इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त तयार करतं, आणि इथे खरा धोका सुरू होतो.

पहिली मोठी चाचणी १९५६ साली पोर्तो रिकोच्या गरीब वस्तीत झाली. गोळीचं नाव एनोविड. तिच्यातल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधात बनवताना थोडं इस्ट्रोजेन चुकून मिसळलेलं आढळलं. ते काढून पाहिलं तर बायकांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला, म्हणून ते मुद्दाम ठेवलं गेलं. दीडशे मायक्रोग्रॅम इतकं. आजच्या माला-एनमध्ये ३० मायक्रोग्रॅम असतं. चाचणी पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी स्पष्ट लिहिलं की गोळी मूल थांबवते यात शंका नाही, पण शंभरातल्या १७ बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतात आणि सर्रास वापरासाठी हे फार आहे. पिंकस यांनी या तक्रारींचा बराचसा भाग बायकांच्या मनाचे खेळ ठरवला. ज्यांच्यावर चाचणी चालली होती त्यांना हे नवं, प्रयोगातलं औषध आहे हे नीट सांगितलंच नव्हतं. १९६० साली अमेरिकेने गोळीला परवानगी दिली.

वर्षभरात, १९६१ साली, ‘लॅन्सेट’मध्ये एका इंग्लिश डॉक्टरचं पत्र छापून आलं. गोळी घेणाऱ्या त्याच्या रुग्णाच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. १९६८ पर्यंत ब्रिटनमधल्या अभ्यासांनी संबंध पक्का केला, १९६९ साली तिथे इस्ट्रोजेनचं प्रमाण ५० मायक्रोग्रॅमवर आणण्याचा सल्ला निघाला, आणि १९७० साली अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. सभागृहात बसलेल्या तरुणींनी उठून विचारलं की साक्षीला डॉक्टरच का, गोळी खाणाऱ्या बायका का नाहीत? त्यानंतर गोळीच्या पाकिटात बाईला वाचता येईल असा धोक्याचा कागद घालणं सुरू झालं.

धोका किती, हे आज आकड्यांत सांगता येतं. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना अशी गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे नको असलेलं बाळंतपण गोळीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. पण हा हिशोब सगळ्यांना सारखा लागू नाही. पस्तिशी उलटलेली आणि विडी-सिगारेट ओढणारी, रक्तदाब असलेली, डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठणारी, आधी गुठळी झालेली किंवा नुकती बाळंत झालेली बाई असेल तर ही गोळी तिच्यासाठी नाही. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिटवरची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. दुसऱ्या पारड्यात हेही आहे की वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी दिसतो, पाळीतला जादा रक्तस्राव आटोक्यात येतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका मात्र गोळी चालू असताना थोडासा वाढतो.

भारत सरकारने १९५२ सालीच कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला होता, पण गोळीला त्यात जागा मिळायला वेळ लागला. १९६५ साली तांबीच्या आधीचा ‘लूप’ आला, मग शस्त्रक्रियेची शिबिरं आणि त्यांची उद्दिष्टं. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. ज्या मुंबईत १९३८ साली लोकांना माहिती देण्याचा ठराव पडला, त्याच मुंबईत अडतीस वर्षांनी सक्तीला मंजुरी मिळाली. मधला रस्ता, म्हणजे बाईला समजावून सांगणं आणि तिला निवडू देणं, दोन्ही वेळा राहून गेला.

तो रस्ता सापडला नगर दक्षिणमधल्याच दुसऱ्या टप्प्यात, श्रीगोंद्याच्या पूर्वेला. कर्जत ओलांडलं की जामखेड लागतं. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती, आणि शंभर जोडप्यांत संततिनियमन करणारं एखादंही धड सापडत नव्हतं. दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. डॉक्टरांनी आधी पाण्याचं आणि पोरांच्या पोटाचं पाहिलं. बाहेरून नेमलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कुणी दलित, कुणी टाकलेली, बहुतेक निरक्षर. त्यांना बाळंतपण, हगवण, डोळे, पोषण आणि पाळणा लांबवणं शिकवलं. औषधांच्या पेटीत गोळ्यांची पाकिटंही असत.

पाच वर्षांत बालमृत्यू १७६ वरून ५२ वर आले, आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त जोडपी संततिनियमन करू लागली. या दोन गोष्टी एकत्रच घडायच्या होत्या. हातातलं मूल जगेल याची खात्री नसलेली आई पुढचं मूल थांबवत नाही. दुसरं कारण शेजाराचं आहे. गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी मळमळलं तर तालुक्याच्या दवाखान्यात कुणी जात नाही, बाई पाकीट चुलीत टाकते. पण गोळी देणारी तीन घरं सोडून राहत असेल तर तिला विचारता येतं. ती सांगते, रात्री जेवून झोपताना घे, महिना-दोन महिने जाऊ दे, पायाची पोटरी सुजून दुखली किंवा छातीत कळ आली तर मात्र लगेच थांब आणि डॉक्टर गाठ. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशभर आज गावोगाव आशाताई आहेत. गावच्याच बाईच्या हाती आरोग्य सोपवण्याचा तो विचार जामखेडने कितीतरी आधी करून दाखवला होता.

याच्या अगदी उलट गोष्ट १९८५ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, पटनचेरूला घडली. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी तिथे शिबिर भरलं होतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे गेल्या, तेव्हा त्यांना आढळलं की रांगेतल्या बायकांना हा प्रयोग आहे, याचे त्रास काय आहेत, हे सांगितलेलंच नाही. १९८६ साली त्या आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इंजेक्शनवरचा आक्षेप समजून घेण्यासारखा होता. गोळी नको झाली तर उद्या बंद करता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. तीन महिन्यांच्या डेपो-प्रोव्हेरालाही असाच विरोध झाला आणि मुंबईच्या स्त्री संघटना त्यात होत्या. अमेरिकेने हे औषध १९७८ साली नाकारलं होतं आणि १९९२ साली मान्य केलं. भारतात १९९३ साली खासगी विक्रीला परवानगी मिळाली, पण सरकारी कार्यक्रमात ते यायला आणखी दोन तपं लागली. २०१७ साली ‘अंतरा’ या नावाने ते सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलं, आणि पहिल्या दहा राज्यांत महाराष्ट्र होता.

अंतरात इस्ट्रोजेन नाही, फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं १५० मिलिग्रॅम औषध असतं. अंगावर पाजणारी आई बाळ सहा आठवड्यांचं झालं की ते घेऊ शकते. रोज आठवण ठेवावी लागत नाही, घरात पाकीट सापडत नाही. त्रास वेगळे आहेत. पहिल्या काही महिन्यांत पाळीचं वेळापत्रक पार बिघडतं. मग ती विरळ होते, आणि वर्षभराने जवळजवळ निम्म्या जणींची पाळी बंदच होते. वजन वाढू शकतं. हाडांची घनता थोडी उतरते आणि इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा सावरते. मूल हवं झालं तर शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

वैद्यकाच्या पुस्तकात ‘अनियमित रक्तस्राव’ हे दोन शब्द आहेत. घरात त्यांचा अर्थ फार मोठा होतो. जिथे अजून शिवाशिव पाळतात, तिथे दहा दिवस डाग दिसत राहिले तर ती बाई दहा दिवस बाहेरची. देवाला हात लावायचा नाही, काही घरांत चुलीपाशी जायचं नाही. आणि पाळी बंद झाली तर सासू विचारते, दिवस गेले काय? शेजारीण सांगते, रक्त आत साठतं, गाठ होते. असं काही साठत नाही. अस्तर पातळ राहिल्याने बाहेर पडायला काही उरलेलंच नसतं, आणि इंजेक्शन थांबवलं की पाळी परत येते. हे वाक्य टोचण्याआधी कुणी सांगितलं तर बाई दुसऱ्या डोसला येते. नंतर सांगितलं तर ते सारवासारव वाटतं.

फडातल्या बाईचं यात दुहेरी नुकसान होतं. एक दिवस काम बुडलं तर खाडा धरला जातो, म्हणून पाळीचा त्रास अंगावर काढला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भपिशवी काढल्याचं उघड झालं आणि राज्याला समिती नेमावी लागली. ज्या जादा रक्तस्रावावर कितीदा औषधाने इलाज होतो, त्यासाठी तिशीतल्या बायका पिशवी काढून बसल्या, कारण त्यांना दुसरा पर्याय कुणी नीट सांगितला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी शस्त्रक्रिया केलेली होती, गोळी घेणाऱ्या ५.१ टक्के, इंजेक्शनवाल्या एक टक्काही नाहीत. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. पहिलं मूल लांबवायला, दोघांत अंतर ठेवायला साधनं आहेत, मोफत आहेत. तरी बहुतेक जणी मुलं होऊ देतात आणि मग एकदाच टाके घालून घेतात.

श्रीगोंद्यात या हंगामातही कोप्या पडतील. अंतराचं पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून २८ दिवस नंतरपर्यंत घेता येतं. एवढी सवड पुरेशी आहे, पण कार्ड पाहणारं कुणी हवं. कारखान्यांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मिळून कोप्यांवर महिन्यातून एक फेरी लावावी. बाई बीडची आहे की पाथर्डीची हे न पाहता तिच्या कार्डावर डोस द्यावा, आणि देण्याआधी तिच्याजवळ पाच मिनिटं बसून पुढच्या तीन महिन्यांत अंगावर काय काय दिसेल ते तिच्या बोलीत सांगावं. रोहम यांच्या ठरावात साधनांबरोबर माहितीही मागितलेली होती. साधनं आता कोपीपर्यंत आली आहेत, माहितीही तिथवर न्यावी.